नाव वाचण्याआधी

सोमवार, ४ मार्च

पुन्हा तेच. स्टुडिओच्या दारात पाय ठेवला आणि पोटात गोळा. हातातले कागद असे थरथरायला लागले की जाहिराती वाचणारी शमीम म्हणाली, "नालोंगो, पंखा बंद करू का?"

पंखा बंदच होता!

इतकी वर्षं रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचतेय. मसाकापासून सरोवराच्या काठापर्यंत लोक मला चेहऱ्याने नाही, आवाजाने ओळखतात. बाजारात टोमॅटोचा भाव विचारला तरी बायकांचा हात थांबतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रोजचं तेच: कोण गेलं, माती कुठे, बातमी कोणाकोणाला पोहोचावी. आधी कधी हात कापला नाही. घरची माणसं गेली त्या वर्षांतही नाही.

माझी लेक, नाकातो, मस्कतला घरकामाला गेली, तेव्हापासून हे.

आता कागद हातात आला की मी वाचत नाही, शोधते. पानभर नजर फिरवून 'नाकातो' कुठे आहे का बघते. आणि असतेच! जुळ्यांतली धाकटी मुलगी म्हणजे नाकातो, जशी जुळ्यांची आई म्हणजे नालोंगो. आईबापांना नाव शोधायची मुभाच नाही. अख्ख्या मुलखात नाकातो भरल्यात. मग दुसरं नाव बघायचं, गाव बघायचं. आमची नाही. देवा, आमची नाही. मग वाचायला सुरुवात.

ऐकणाऱ्यांना वाटतं, नालोंगो मृतांच्या मानासाठी थांबते!

कळतं मला, वेडेपणा आहे. माझ्या पोरीचं काही झालं तर रेडिओला द्यायची चिठ्ठी घरची म्हणून मलाच लिहावी लागेल, कोणी परस्पर आणून देणार नाही. कळतं. तरी शोधते.

मंगळवार, ५ मार्च

नाकातोचा फोन नाही.

बुधवार, ६ मार्च

राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन तशीच कामावर गेले. फादर म्हणाले, "माती आहेस, मातीत जाशील." मनात म्हटलं, फादर, हे मी दिवसातून तीनदा वाचते.

आज सिस्टर ऑन्सेल्मची फार आठवण आली. कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये मला पहिल्यांदा वाचायला उभं केलं तेव्हा मी ओळीखाली बोट धरलं होतं. सिस्टरनी सगळ्यांसमोर हात धरून बोट उचललं. "पुल्केरिया, बोट ठेवून लहान मुलं वाचतात. तू मान वर करून वाचायचं." त्या हाताला स्टार्चचा आणि कार्बोलिक साबणाचा वास. तेव्हापासून कधी बोट ठेवलं नाही. पूर्ण ओळ एका नजरेत उचलायची आणि मान वर! त्याचा मला गर्व आहे. उपासाच्या पहिल्याच दिवशी गर्वाचं लिहितेय, असो.

त्या चॅपलची फरशी आम्ही मुली केळीच्या सोपटाने घासायचो. अजून वास येतो.

गुरुवार, ७ मार्च

आज एका जिवंत माणसाला मारलं.

नंतर, त्याच दिवशी

नीट लिहून काढते. नाहीतर डोक्यात फिरतच राहील.

दुपारचं वाचन. सेंबाबुलेहून आलेली चिठ्ठी. नजर फिरवली आणि पहिल्याच ओळीत: 'नाकातो कळवते की...' झालं! डोळ्यांपुढे अंधारी. दुसरं नाव बघितलं. आमची नाही. पण तोवर प्रक्षेपणाचा लाल दिवा लागलेला, आणि माझी नजर घसरून खाली गेलेली, 'बातमी पोहोचावी'च्या खाली. तिथलं पहिलं नाव उचललं, मान वर केली आणि स्वच्छ, गंभीर, सुंदर आवाजात वाचलं: "किगाबाचे लावुलेन्सियो कालुंगी यांचं निधन झालं आहे. माती उद्या दोन वाजता, राहत्या घरी."

ज्याला बातमी द्यायची त्यालाच पुरला!

गेली होती ती वेगळीच, मागदालेना नावाची म्हातारी बाई. संध्याकाळी तिच्या घरून फोन आला तेव्हा कळलं. संध्याकाळचं वाचन शमीमने केलं, बरोबर केलं. मी बाहेर बाकावर बसले होते. हात मांडीखाली दाबून.

शुक्रवार, ८ मार्च

महिला दिनाची सुट्टी, तरी मॅनेजर सेकितोने बोलावलं. माझ्या मुलाच्या वयाचा. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "नालोंगो, थोडे दिवस विश्रांती घ्या ना." पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो मी उचलला नाही. उचलला असता तर सांडला असता.

नाक्यावर भाड्याने मोटारसायकली चालवणारी पोरं. एकजण ओरडला, "नालोंगो, आज कोणाचा नंबर? माझ्या मालकाचं नाव देऊ का?" सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दार लावलं आणि दाराला पाठ लावून तशीच बसले.

रविवार, १० मार्च

चर्चमध्ये मासला गेले नाही. लोक बघतील. आयुष्यात पहिल्यांदा, आजारी नसताना.

फोन सारखा वाजतो. ओळखीचे, अनोळखी. "खरं का हो?" वाजला की जीव जातो. नाही वाजला तरी जातो. नाकातोला मस्कतला नेणाऱ्या एजंटाचा असेल का? त्याला काय सांगायचं असेल? शेवटी फोन बंद केला आणि साखरेच्या डब्यात ठेवला. आजच्या दिवसापुरता. नाकातोचा आला तर? इतके महिने मालकिणीने करू दिला नाही, ती काय आजच करू देणार!

बुधवार, १३ मार्च

बरं वाटतंय! खरंच. कामावर नाही, फोन नाही, हात स्थिर. दुपारी शेंगदाण्याचा रस्सा केला, माटोकेची कच्ची केळी वाफवली, केळीच्या पानात बांधून, आई करायची तशी. हे आधीच करायला हवं होतं.

सोमवार, १८ मार्च

नाही. बरं नाही.

आधी स्टुडिओला जायची भीती होती. मग नाक्याची. मग चर्चची. आज विहिरीपर्यंत जाववेना, शेजारणीच्या मुलीला पाण्याचा डबा दिला. घरात रेडिओ लावत नाही. भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचा ऐकू आला की कानांवर हात.

रात्री छाती अशी धडधडते की वाटतं, आता गेले. उद्या मलेरियाची तपासणी करून घेईन. मलेरियाच असणार.

मंगळवार, १९ मार्च

मलेरिया नाही.

आरोग्य केंद्रातली नर्स अपोलोनिया, ठेंगणी, चष्मा नाकाच्या टोकावर. रक्त स्वच्छ, दाब ठीक. मी म्हटलं, "मग हे काय आहे?" ती म्हणाली, "काळजी."

मला हसू आलं. काळजी! ती काय आजार आहे? काळजी तर सगळ्याच आयांना असते.

"असते," ती म्हणाली. "पण तुमचं अंग वाघ मागे लागल्यासारखं पळतंय आणि तुम्ही खुर्चीत बसलेल्या आहात. पळून कुठे जाणार? म्हणून थरथरतं."

मी कामावर जात नाही हे सांगितलं. मासलाही नाही. तिने पेन खाली ठेवलं. "टाळलं की आज बरं वाटतं ना? आणि उद्या घराची एक खोली कमी होते. आता किती उरल्यात?"

बाथरूमपर्यंत आलेय, हे काय सांगायचं.

नावं शोधण्याचं मात्र सांगितलं. कोणाला प्रथमच. ती हसली नाही. म्हणाली, "शोधून सापडलं नाही की किती वेळ शांत वाटतं?" मी म्हटलं, पुढच्या चिठ्ठीपर्यंत. "बघा म्हणजे! शोधण्याने काळजीचं पोट भरत नाही, तिची भूक वाढते."

श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. काळजीला दिवसातली एक वेळ ठरवून द्यायची; एरवी आली तर सांगायचं, तुझी वेळ नाही, मग ये. आणि ज्याची भीती वाटते ते थोडं थोडं करायचं. "भीती गेल्यावर करीन म्हणाल तर ती जाणारच नाही. ती असतानाच करायचं."

बोलणं सोपं आहे.

शुक्रवार, २२ मार्च

काळजीची वेळ: दुपारची भांडी झाल्यावर, फणसाखाली. बसले बाई! झगा नीट केला, आले म्हटलं, ये. आणि काळजी येईना! चिमण्या बघत बसले. वेळ संपली, घरात आले, कढई उचलली, आणि आली. अगदी कढईपाशी. तिला म्हटलं, "उद्या, भांडी झाल्यावर." मोठ्याने म्हटलं. शेजारीण डोकावून गेली.

पण विहिरीवर मी गेले आज. स्वतः.

रविवार, २४ मार्च

मासहून आले (गेले! मागच्या बाकावर, पण गेले) तर अंगणात एक म्हातारा. उंच, पांढरा अंगरखा, वर कोट, हातात टोपी. पायाशी केळीचा घड.

"नालोंगो तूच ना? ओळखलंस का मला?"

"नाही हो, काका."

"कसं ओळखशील! तू मला मारलंस तेव्हा मी समोर कुठे होतो!"

लावुलेन्सियो कालुंगी. पायरीवर बसले. तोही शेजारी बसला, न विचारता.

"मी कॉफीच्या झाडांत होतो," तो सांगायला लागला. "संध्याकाळी घरी येतो तर अंगणात चूल पेटलेली, माझंच पातेलं वर, आणि बायका गळा काढून रडतायत. मी विचारलं, कोण गेलं? एकीने वर बघितलं आणि किंचाळून केळीत पळाली. तिची एक चप्पल अजून माझ्याकडे आहे. न्यायला येत नाही!"

मला हसायला येईना, रडायलाही येईना.

"आणि एक फायदा झाला. कोण कोण आलं ते मी बघितलं. कोण नाही आलं तेही बघितलं! माझा साडू, पलीकडच्याच टेकडीवर राहतो, नाही आला. परवा भेटला तर म्हणतो, 'मला खात्री होती तू मेलेला नाहीस.' खोटारडा! म्हटलं, खरा मरेन तेव्हा तुला कळवणारच नाही."

मी म्हटलं, "काका, मला क्षमा करा."

तो टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला.

"दुखवट्याच्या घरात रेडिओ कोण लावतो? त्यामुळे संध्याकाळचं आम्ही कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता लोक मातीला आले. मी त्यांना बसवून सांगतोय, अरे बाबांनो, मी जिवंत आहे. सगळे हसतायत, मी हसतोय. आणि त्याच वेळी तिकडे सेंबाबुलेत माझ्या बहिणीला माती देत होते."

"मागदालेना..."

"हो. आमच्या आईची आम्ही दोघंच. तिच्या कबरीत मूठभर माती टाकायला मी नव्हतो. आमच्या किगाबाचं कोणीच नव्हतं. सगळे माझ्याकडे जेवत होते."

मग त्याने सांगितलं तो कशासाठी आला ते. ईस्टरनंतरच्या शनिवारी तिच्या मृत्यूचा शेवटचा विधी आहे, दुखवटा घराबाहेर काढतात तो. वारस बसवतील. त्याला सगळे यायला हवेत. ती बातमी मी वाचायची.

"शमीम वाचेल, काका. चांगलं वाचते."

"ती पोरगी साबणाची जाहिरात वाचते. तुझा आवाज आला की लोक कोयता घेऊन दुखवट्याच्या घरी न्यायचा केळीचा घड तोडायला उठतात. तुझ्यावर विश्वास ठेवून माझ्या अंगणात अख्खं गाव आलं, मी जिवंत असून! तिच्यासाठी पण बोलाव की."

"माझा हात कापतो. आवाज निघत नाही."

"मग कापू दे की," तो म्हणाला. "रेडिओवर हात कुठे दिसतो?"

सोमवार, २५ मार्च

झोप नाही.

मागदालेनाचा मी एकदाही विचार केला नव्हता. एकदाही! इतके दिवस माझी छाती, माझा हात, लोक मला काय म्हणतात. खरी मेलेली बाई कागदावरच राहून गेली. काळजी माणसाला किती छोटं करते. स्वतःशिवाय कोणी मावतच नाही तिच्यात.

गुरुवार, २८ मार्च

गेले. सेकितोने दार स्वतः उघडलं. शमीमने खुर्ची पुसली. कागद हातात. दिवा लागला. "बातमी..." म्हटलं आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, आवाज नाही. मी उठले. शमीमने पटकन भजन लावलं.

फाटकापाशी कालुंगीकाका उभे, कानाशी छोटा रेडिओ. माझ्याकडे बघून म्हणाले, "भजन छान होतं."

पाठ थोपटली नाही, समजूत घातली नाही. "येतो. पुन्हा येईन," एवढंच.

शनिवार, ३० मार्च

अपोलोनियाकडे गेले. म्हणाली, "एकदम माथ्यावर का चढलात? आधी पायथा." तिने विचारलं, वाचताना नक्की कुठे सुटतं? मी म्हटलं, नजर ओळीवर राहत नाही, धावते. "मग तिला धरायला काही नाही का?"

घरी येऊन फणसाखाली बसले. कागदावर मागदालेनाची बातमी स्वतः लिहून काढली. आणि ओळीखाली बोट ठेवलं.

सिस्टर, माफ करा!

बोट कापत होतं. पण ओळ तिथेच राहिली. बोटापुढे नजर जाईना. मागेही जाईना. फणसाला पूर्ण बातमी वाचून दाखवली. मग शेजारणीच्या कोंबड्यांना. मग शेजारणीला. तिने डोळे पुसले, म्हणाली, "कोण होती गं बिचारी?"

सोमवार, १ एप्रिल

रिकाम्या स्टुडिओत शमीमला वाचून दाखवलं. दिवा बंद. तिने माझं बोट बघितलं. मग हळूच म्हणाली, "मी पण जाहिराती वाचताना टेबलाखाली मूठ आवळते. तुम्हाला वाटलं, तुमच्या एकटीच्याच पोटात गोळा येतो?"

ही पोरगी! इतके दिवस शेजारी बसते.

मंगळवार, २ एप्रिल

उद्या.

बुधवार, ३ एप्रिल

वाचलं!

दिवा लागला तेव्हा छाती धडधडत होती. मागच्या गुरुवारपेक्षा जास्तच. श्वास हळू सोडला. धडधड थांबली नाही. थांबण्याची वाट बघितली असती तर आजही उठून गेले असते. कागद हातात आल्यावर शोधलं नाही. नजर खाली धावायला बघत होती, बोट तिला सोडेना. पहिल्या ओळीपासून, एकेक शब्द.

"किगाबाचे लावुलेन्सियो कालुंगी जिवंत आहेत. त्यांच्या निधनाची बातमी मी चुकीने वाचली होती. चूक माझी, पुल्केरियाची. ते कळवतात की त्यांची बहीण मागदालेना हिच्या मृत्यूचा शेवटचा विधी ईस्टरनंतरच्या शनिवारी सेंबाबुले येथे आहे. तिच्या मातीची बातमी आपल्यापर्यंत पोहोचली नाही. आता पोहोचावी. तिचे पती, तिचा मुलगा, तिची मुलगी नाकातो..."

नाकातो! बोटाखाली आली तेव्हाच वाचली. ज्या बाईची होती तिचीच म्हणून. आवाज जरासा हलला. हलू दे. रेडिओवर हात दिसत नाही, आणि आवाज हलला म्हणून बातमी कोणी परत करत नाही.

फाटकापाशी काका. रेडिओ बंद करून खिशात टाकला. मग टोपी काढली. "आता ती गेली," म्हणाले. "आता मला रडता येईल."

नाक्यावरची पोरं ओरडली, "नालोंगो, आज माणूस उठवला!" मी म्हटलं, "तुझ्या मालकाला सांग, जपून राहा." हसता हसता एकजण मोटारसायकलवरून पडला.

घरी आल्यावर साखरेचा डबा काढला. फोनला मुंग्या लागलेल्या. पुसला, चार्जिंगला लावला. चालू केला. हात कापत होता. कापू दे.

गुरुवार, ४ एप्रिल

पहाटे फोन. नाकातो!

ती फोन करू शकत नव्हती, पण स्वयंपाकीण तिच्या फोनवर आमचा रेडिओ लावून देते म्हणे, इंटरनेटवरून. भांडी घासताना, माझं दुपारचं वाचन. रोज. गेल्यापासून रोज! माझा आवाज आला की झालं, आई आहे. मग अचानक दुसरीच मुलगी वाचायला लागली. पाया पडून मालकिणीचा फोन मागितला तर माझा बंद. काल पुन्हा माझा आवाज आला, म्हणून आज परत मालकिणीचा फोन मागितला.

मी विचारलं, "इतके दिवस काय करत होतीस गं?"

"ऐकत होते, आई. ती मुलगी वाचायची आणि मी आधी शोधायचे. तुझं नाव."